सेवेला पुण्य म्हणू नका, पाळी वाटून घ्या



गेल्या वर्षावासात बोईसरजवळच्या एका वस्तीत आम्ही विहाराच्या वर्गणीसाठी घरोघर फिरत होतो. एका खोलीचे दार अर्धे लोटलेले होते. आत खाटेवर पंचेचाळिशीचा माणूस पडलेला. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीला असताना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. कंत्राटी कामगार, त्यामुळे ठेकेदाराने महिन्याभरात नाव काढून टाकले. बायको खाली बसून मेणकापड पुसत होती. काहीतरी बोलायचे म्हणून आम्ही नेहमीचे वाक्य बोललो, "ताई, धीर धरा. तुमच्या हातून मोठे पुण्य घडते आहे."

तिने फडके बादलीत टाकले आणि विचारले, "पुण्य कुणाच्या खात्यात जमा होते, दादा? माझी आजी देवापुढे बसून देवाला शिव्या तरी घालायची. आपण देव सोडले, बरेच झाले. पण मग आता गाऱ्हाणे कुणाला सांगायचे?"

आमच्या हातात पावतीपुस्तक होते, उत्तर नव्हते. तिने एकावन्न रुपये दिले. आम्ही पावती फाडली आणि बाहेर पडलो. परत येताना कुणी कुणाशी बोलले नाही. तेव्हापासून पालघर आणि बोईसर-तारापूर भागातल्या अशा दहा-बारा घरांत आम्ही जातो आहोत. त्यातून जे कळले ते आपल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

बंद दाराआड काय चालते

इस्पितळातून सोडताना सांगतात, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. शिवाय नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, अंग पुसायचे, गोळ्या कुटून द्यायच्या. नळाला पाणी येते तेवढ्या वेळात चादरी धुवायच्या, आणि पावसाळ्यात त्या दहा बाय बाराच्या खोलीतच वाळत घालायच्या. हे सगळे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे. डायपर परवडत नाही म्हणून जुन्या साड्या फाडतात. या कामाला रविवार नाही, सणवार नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक वस्तीतून जाते तेव्हा ती दारापर्यंत येते, आवाजाने तो बिथरतो म्हणून दार लावून घेते.

हे झाले कष्टांचे. कष्टांबद्दल बाया मोकळेपणाने बोलतात. मनातले बोलायला पाच-सहा भेटी जाव्या लागल्या. एक जण म्हणाली, "मी त्याला चापट मारली. नुकतीच चादर बदलली होती आणि त्याने पुन्हा घाण केली. मग रात्रभर त्याचा हात धरून रडले." दुसरीने आवाज खाली करून सांगितले, "कधी कधी वाटते, सुटावा बिचारा. मग कळते की तो नाही, मला सुटायचे आहे. मी वाईट आहे का हो?" पालघरला बावीस वर्षांचा एक पोरगा आईचे सगळे करतो. बाप नाही, बहीण नांदायला गेली. आईचे कपडे बदलताना तो डोळे मिटून घेतो, आणि आई भिंतीकडे तोंड करते. त्याने कुणालाच हे सांगितले नव्हते. मित्रांना वाटते, हा आता कार्यक्रमांना येत नाही, बदलला.

राग, किळस, मरणाची वाट पाहणे, त्या वाट पाहण्याची लाज, नवरा जिवंत असून नवरेपण गेल्याचे दुःख, हे सारे एकाच माणसाच्या पोटात असते. त्याच पोटात मायाही असते. आमच्या त्या ताईच्या नवऱ्याने एका सकाळी डाव्या हाताने तिच्या पदराचे टोक धरले, तेवढ्यावर तिने आठवडा काढला. बाहेरचे लोक यातली माया तेवढी बघतात आणि हात जोडून निघून जातात. बाकीचे तिने कुठे ठेवायचे?

पुण्याचा जुना सापळा

आता आपण मुद्द्यावर येऊ. "पुण्य घडते आहे" असे आम्ही म्हणालो, तेव्हा आम्ही नेमके काय केले? एका बाईच्या विनामोबदला, विनाविश्रांती श्रमाला पवित्र ठरवले आणि स्वतः मोकळे झालो. ही युक्ती आपल्याला चांगली ओळखीची असायला हवी. या देशात घाणीचे, मैल्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या एका समूहावर लादले गेले आणि त्याला स्वधर्म, सेवा अशी नावे दिली गेली. काम पवित्र ठरले की मजुरी विचारता येत नाही, पाळी बदला म्हणता येत नाही आणि थकलो असेही म्हणता येत नाही. जातीच्या बाबतीत ही लबाडी आपण ओळखली. घरातल्या बाईच्या बाबतीत मात्र तीच लबाडी आपण आदराने बोलतो.

दुसरे वाक्य याहून वाईट असते, "मागच्या जन्माचे भोग." बौद्ध घरांतसुद्धा हे ऐकू येते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे. गोरगरिबांच्या हालांची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून टाकावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा उपयोग काय, असाच त्यांचा सवाल आहे. लकवा हा रक्तदाबाचा, साखरेचा, बारा-बारा तासांच्या पाळ्यांचा आणि वेळेवर न मिळालेल्या उपचाराचा विषय आहे. त्याला भोग म्हटले की हे सगळे प्रश्न मिटतात.

आणि ही शिकवण काही बाहेरून आलेली नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात सोपारा आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये, आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ मध्ये, म्हणजे धम्मक्रांतीच्याच वर्षी. नवव्या लेखाचा विषय काय आहे? लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात. अशोक म्हणतो, त्यांचे फळ थोडके. खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, जीवांबद्दल संयम, दान. आजारपणात काय करावे याचे उत्तर बावीसशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर दगडात कोरले होते. विधी नव्हे, वागणूक.

तथागतांनी पाणी स्वतः आणले

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी तो आपल्या ग्रंथात, तथागतांच्या मानवतेबद्दल सांगताना मुद्दाम घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. विहाराची पाहणी करताना तथागत आनंदासह तिथे पोचले. कुणी तुझी काळजी घेत नाही का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने धुतले. एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले, इथे तुमचे ना आईबाप आहेत ना कुणी. तुम्ही एकमेकांची सेवा करणार नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

ही गोष्ट प्रवचनात आपण शंभरदा ऐकली आहे. पण तिच्यातल्या तीन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत.

पहिली. तथागतांनी शाबासकी दिली नाही, नियम केला. आजारी भिक्खूचा उपाध्याय असेल तर त्याने सेवा करायची, आचार्य असेल तर त्याने, शिष्य किंवा सोबती असेल तर त्याने. कुणीच नसेल तर संघाने करायची. संघाने केली नाही तर तो संघाचा दोष. म्हणजे आजाऱ्याची सेवा ही ज्याच्या वाट्याला आली त्याची खासगी बाब नाही, ती संघाची जबाबदारी आहे.

दुसरी. त्याच ठिकाणी त्यांनी सेवा करायला सोपा आजारी कोणता आणि अवघड कोणता, हेही सांगितले. जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, काय होते ते खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही, त्याची सेवा कठीण. म्हणजे आजाऱ्याची सेवा करणे त्रासाचे असू शकते, हे बुद्धाने मान्य केले आहे. मग आपल्या ताईने "मला त्याचा राग येतो" म्हटले तर आपण कान का झाकतो?

तिसरी तर फारच थोड्यांना ठाऊक असते. एक भिक्खू वारला तेव्हा ज्यांनी त्याची शुश्रूषा केली होती त्यांना त्याचे चीवर आणि पात्र देण्याची अनुज्ञा तथागतांनी संघाला दिली. कारण सांगितले की शुश्रूषा करणारे फार उपकारी असतात. भिक्खूजवळ मालमत्ता म्हणून एवढेच असे. ती शुश्रूषा करणाऱ्यांना मिळाली. श्रमाची दखल फुलांच्या हाराने घेतली नाही, वस्तूने घेतली.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कर्तव्ये सांगताना मालकाने नोकराशी कसे वागावे हे सांगितले आहे. ताकदीप्रमाणे काम, योग्य वेतन आणि आजारपणात त्याची शुश्रूषा, ही त्यातली कर्तव्ये. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रत्येक गेटवर हे सुत्त लावायला हवे. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मधल्या स्फोटांच्या बातम्या राज्यभर गेल्या. मेलेल्यांचे आकडे छापून आले. जे जगले पण उठू शकले नाहीत, त्यांच्या उशाशी कोण बसले आहे याची बातमी कुणी छापत नाही.

माईसाहेबांचे आपण काय केले

आता थोडे कडू बोलतो. आपल्या चळवळीच्या इतिहासातही उशाशी बसलेली एक स्त्री आहे. डॉ. शारदा कबीर या पेशाने डॉक्टर. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचे बाबासाहेबांशी लग्न झाले आणि त्या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब झाल्या. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसा रात्र-रात्र झोपू देत नव्हत्या. पथ्य, इन्सुलिन, शुश्रूषा, रात्रीचे जागरण हे सारे आठ वर्षांहून अधिक काळ माईंनी केले. याच काळात संविधान तयार झाले, हिंदू कोड बिलाची लढाई झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला आणि नागपूरला दीक्षा झाली. या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य वाढल्याचे श्रेय माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांना दिले होते. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण ही प्रस्तावना त्यात नव्हती.

महापरिनिर्वाणानंतर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. जिने जागरणे केली तिच्यावरच संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचेच निष्पन्न झाले, तरी कुजबूज थांबली नाही. पुढे कितीतरी वर्षे माई चळवळीपासून दूर, एकाकी राहिल्या. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या. त्यांच्या राजकीय भूमिकांबद्दल कुणाचे काहीही मत असो. आमचा मुद्दा एवढाच की सेवा करणाऱ्याला दुःख व्यक्त करायलाही आपण जागा ठेवली नाही, उलट त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

हे आजही घराघरांत घडते. रुग्ण गेला की गावाकडचे नातेवाईक येतात आणि विचारतात, "शेवटी दवाखान्यात का नेले नाही? पाठीला एवढ्या जखमा कशा झाल्या?" तीन वर्षांत एक रात्रही जे थांबले नाहीत ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी हिशेब मागतात. आणि ती बाई गप्प असते, कारण तिच्या मनात आधीच खटला चालू असतो. सुटल्यासारखे वाटले, ही तिची सर्वांत मोठी लाज असते.

याच दिल्लीच्या घरात नानकचंद रत्तू हेही होते. दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी ते बाबासाहेबांकडे येत, टंकलेखन करत आणि त्यांचे पायही चेपत. सेवा हे बाईचेच काम आहे असे मानणाऱ्या आपल्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावे.

मजुरीने दुसऱ्यांचे आईबाप सांभाळणाऱ्या

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया पहाटेची गाडी पकडून विरारकडे, मुंबईकडे जातात आणि तिथल्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शी-शू काढतात. ब्युरोवाला आपला हिस्सा कापून घेतो. काही घरांत त्यांचा चहाचा कप वेगळा असतो. दुसऱ्याच्या आईची कूस बदलणाऱ्या या बाईचा स्वतःचा बाप बोईसरच्या खोलीत शेजारणीच्या भरवशावर पडून असतो. इस्पितळातल्या आया, वॉर्डबॉय, सफाईवाले यांतही आपलेच लोक किती आहेत ते पाहा. म्हणजे या समाजाची सेवेची उतरंड जातीच्या उतरंडीवरच उभी आहे. वर हुकूम देणारे, खाली पुसणारे, आणि सर्वांत खाली पुसणाऱ्याच्या घरातली विनापगारी बाई.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरच्यांची काळजी घेणाऱ्या, म्हणजे मुले, म्हातारे, आजारी यांचे विनामोबदला करणाऱ्या बायांचा दिवसाचा वेळ १३४ मिनिटे निघाला, पुरुषांचा ७६. घरकामात बायांची २९९ मिनिटे, पुरुषांची ९७. ही सरासरी आहे. आम्ही ज्या घरांत जातो तिथे मिनिटे मोजण्यात अर्थ नाही, तिथे चोवीस तास आहेत.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, "आरक्षण, संविधान, अत्याचार एवढे प्रश्न पुढे असताना हा घरगुती विषय कशाला?" त्यांना आमचे उत्तर असे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कामगाराचे आजारपण हा त्याच्या नशिबाचा नव्हे, राज्याचा आणि मालकाचा प्रश्न आहे, हे तेव्हा मान्य झाले. पण विमा कामगाराची बुडालेली मजुरी मोजतो. त्याच्या उशाशी बसल्यामुळे बायकोची बुडणारी मजुरी, मुलीची सुटणारी शाळा तो मोजत नाही. राहिलेले हे काम आपल्या पिढीचे आहे. ते घरगुती नाही.

काय मागायचे आणि काय करायचे

मागण्या हवेतल्या नाहीत, कायद्यातल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. आमच्या वस्तीत तो मिळालेले घर आम्हाला अजून भेटलेले नाही. ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. औद्योगिक पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना कारखान्यांकडून कर मिळतो. त्या ५ टक्क्यांतून हवेच्या गाद्या, व्हीलचेअर, डायपर का येऊ नयेत, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारा. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते, आणि जो माणूस उठू शकत नाही त्याला तपासणीला नेण्यासाठी गाडी आणि चार खांदे लागतात. ते चार खांदे आपले असू द्या. मेल्यावर खांदा द्यायला सगळेच येतात.

केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करणाऱ्या सेवेचे धोरण आणले. तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स घरी येते, शेजारचे प्रशिक्षित स्वयंसेवक येतात. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे, महिन्याला ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती रुग्णाला नव्हे, सांभाळणाऱ्याला आहे. हे तत्त्व आपल्याकडे का नको? महात्मा फुले जनआरोग्य योजना इस्पितळातल्या उपचाराचा खर्च उचलते. इस्पितळातून घरी पाठवल्यावर जे सुरू होते त्याचा भार घरावरच पडतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तर दिवाळीनंतर जाणती माणसे वीटभट्टीवर जातात आणि पडलेला म्हातारा दहा वर्षांच्या नातीवर सोपवला जातो. त्या आदिवासी बांधवांसोबत मिळून ही मागणी जिल्ह्याची मागणी व्हायला हवी.

पण राज्याकडे मागताना आपल्या विहाराला विसरून चालणार नाही. दमलेल्या बाईला आपण काय सुचवतो? "विहारात येत जा. दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन ये." अहो, ती दहा दिवस गेली तर खाटेजवळ कोण बसेल? वर्षावासात तीन महिने संध्याकाळी ग्रंथवाचन होते, ती ऐकू शकत नाही. मग वस्तीतली एखादी ओळखीची तिला प्रार्थनेला नेते, दुसरी भगताकडे. आपण लगेच म्हणतो, धम्म सोडला! ती तिथे का जाते हे पाहा. तिथे कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवतो, तिचे नाव घेऊन विचारपूस करतो. तिला चमत्कार नको असतो, ऐकणारा हवा असतो.

त्या ताईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडते. आनंदाने एकदा तथागतांना म्हटले, कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य. तथागत म्हणाले, अर्धे नव्हे, सगळेच. ज्या धम्मात गाऱ्हाणे ऐकणारा देव नाही, त्या धम्मात ऐकायची जबाबदारी माणसांवर येते. देव्हारा काढून टाकायचा आणि त्या जागी माणूसही उभा करायचा नाही, हे धर्मांतर अर्धवट झाले. बुद्धघोषाने विशुद्धिमग्गात उपेक्षेचा, म्हणजे समतोल मनाचा, जवळचा शत्रू सांगितला आहे: अज्ञानातली बेफिकिरी. ती दिसते समतोलासारखी. आजारी घरावरून शांतपणे पुढे जाणारे आपण याच शत्रूच्या ताब्यात आहोत.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहार समितीने वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची, दोघांचीही यादी करावी. आठवड्यातून दोन तास खाटेजवळ बसायची पाळी लावावी, आणि त्या पाळीत पुरुषांची नावे आधी असावीत. कूस कशी बदलायची, जखम कशी पुसायची, नळीतून कसे भरवायचे हे वस्तीतल्या नर्स, आशाताई यांच्याकडून शिकून घ्यावे. बाईच्या अंगाचे बाई करील, पण चादर धुणे, पाणी भरणे, औषध आणणे याला पुरुष चालतो. जयंतीच्या वर्गणीतला एक भाग हवेची गादी, व्हीलचेअर, बेडपॅन अशा सामाईक सामानासाठी राखावा. एक रात्र डीजे कमी वाजला तर बाबासाहेबांचा मान कमी होणार नाही. वर्षावासातले वाचन आठवड्यातून एकदा अशा घराच्या दारात व्हावे. आणि सांभाळणारी माणसे महिन्यातून एकदा एकत्र बसावीत. तिथे प्रवचन नको. ज्याला जे वाटते ते त्याने बोलावे, रागसुद्धा, आणि कुणीही मध्ये पुण्य हा शब्द काढू नये.

"मोजून केली ती सेवा कसली?" असा एक आक्षेप येईल. आमचे म्हणणे, पाळी वाटल्याने माया कमी होत नाही. अर्धी रात्र झोपलेली बाई सकाळी मायेने बोलू शकते. न झोपलेली चापट मारते. बुद्धाने संघावर जबाबदारी टाकली ती करुणा कमी पडली म्हणून नव्हे, एका माणसाची करुणा पुरत नाही म्हणून.

आम्ही सुरुवात केली आहे, मोठी नाही. त्या ताईकडे रविवारी दुपारी दोन तास आमच्यापैकी कुणीतरी दोघे जातो. सहा जण तयार झाले होते, आता चार उरलो आहोत. एकाला वास सहन झाला नाही, एकाच्या घरून विरोध झाला. आमच्याकडून पहिल्यांदा कूस बदलताना लघवीची नळी ओढली गेली आणि तो ओरडला. तेव्हा ताईने आम्हाला शिव्या घातल्या. त्या आम्ही ऐकून घेतल्या. आता आम्हाला जमते. पहिल्या रविवारी आम्हाला वाटले होते ती विहारात जाईल. ती शेजारच्या खोलीत जाऊन झोपली. नंतरचे तीन रविवारही झोपलीच. परवा मात्र उठून बसली आणि दोन तास बोलत राहिली. आम्ही मध्ये एक शब्द बोललो नाही.

तुमच्या वस्तीतही असे अर्धे लोटलेले दार असेल. वर्गणीचे पुस्तक न घेता एकदा तिथे जाऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!